आधी बटण, मग बोलणं

थोरल्यांच्या कोटावर अर्धा डबा पिवळा रंग उडाला, तिथून या सगळ्याला सुरुवात झाली. डबा चौथ्या मजल्यावरून आला होता. तो त्यांच्यापासून हातभर अंतरावर आपटला आणि आतला रंग उसळून त्यांच्या अंगावर आला. थोरल्यांची उभी हयात विमा कंपनीत दावे तपासण्यात गेलेली. त्यामुळे त्यांच्या मनात पहिला विचार आला तो जिवाचा नव्हता. डबा हातभर अलीकडे पडला असता तर आपल्या बायकोचा दावा आपण स्वतःच नामंजूर केला असता, असा तो विचार होता. कारण डोक्यावर हेल्मेट नव्हतं.

धंदा त्यांच्या धाकट्या भावाचा. उंच इमारती बाहेरून रंगवायच्या. निवृत्तीनंतर थोरले घरात बसून फोडणीतल्या चुका काढू लागले, तेव्हा त्यांच्या पत्नीनेच दिराला गाठून सांगितलं, की यांना कुठेतरी उभं कर. दिराने त्यांना देखरेखीवर उभं केलं. कामगार धाकट्याला 'मालक' म्हणत आणि थोरल्यांना 'थोरले'. कोणाच्या हातात काय आहे ते या दोन शब्दांत स्पष्ट होतं, आणि थोरल्यांना ते दिवसभर ऐकू येत असे.

सध्याचं काम एका दहा मजली हॉस्पिटलचं होतं. रंगारी गच्चीवरून तारांनी लोंबणाऱ्या लोखंडी पाळण्यात उभे राहत. पाळण्याच्या दोन बाजूंना दोन मोटारी होत्या आणि त्यांची बटणं गच्चीवाल्याच्या हाती. त्या दिवशी पाळण्यातून पतंगने ओरडून सांगितलं, "डावी बाजू सोडू नको." पतंग हे त्याचं टोपणनाव, खरं नाव हजेरीपटाखेरीज कुठे चालत नसे. वारा होता. वाऱ्याने 'नको' तेवढं उचलून नेलं. गच्चीवाल्याला 'डावी बाजू सोडू' एवढंच ऐकू आलं, आणि तो आज्ञाधारक माणूस असल्यामुळे त्याने ती सोडली. पाळणा तिरका झाला. पतंग कठड्याला धरून राहिला, डबा मात्र राहिला नाही.

खाली आल्यावर पतंग फुटपाथच्या कडेला बसून सावकाश पाणी प्यायला. धाकट्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. पतंग त्याला म्हणाला, "मालक, मी उंचीला भीत नाही. पण माझं बोलणं अर्धंच ऐकून कुणी मला सोडलं, तर ते मला चालणार नाही. वरच्याला माझं पूर्ण ऐकू येईल अशी सोय करा, मग चढतो." बाकीच्यांनीही ब्रश धुऊन ठेवले. काम थांबलं.

सोय करण्याची जबाबदारी थोरल्यांनी मागून घेतली. एवढ्याशा गोष्टीत अवघड काय असणार, असं त्यांना वाटलं. विम्याच्या कामात हे वाक्य त्यांनी इतरांच्या जबाबांत असंख्य वेळा वाचलं होतं, पण ते आपल्यालाही सुचू शकतं हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

सल्ल्यांना तोटा नव्हता. पत्नीने शिट्टी सुचवली: एक वाजली की वर, दोन वाजल्या की खाली. ती युक्ती सकाळभर उत्तम चालली. मग चौकात वाहतूक पोलीस कामावर रुजू झाला, आणि पाळणा सिग्नलप्रमाणे वर-खाली होऊ लागला. समोरच्या औषधवाल्याने मोबाइल सुचवला. तोही करून पाहिला. सातव्या मजल्यावर पतंगच्या सासूबाईंचा फोन आला. त्या एरवी कधी फोन करत नसल्यामुळे तो घेणं भाग होतं, आणि गच्चीवाला तोपर्यंत 'व्यस्त आहे' हे ऐकत राहिला. शेजारी एक गृहस्थ होते, आयुष्य बोटीवर काढलेले. त्यांनी झेंड्यांची भाषा शिकवण्याची तयारी दाखवली. पतंगने त्यांना आदराने विचारलं, की एका हातात ब्रश आणि दुसऱ्या हातात कठडा असताना झेंडा कशात धरायचा. बोटीवाल्यांनी यावर विचार करून सांगतो म्हटलं. ते अजून विचार करत असावेत.

राहता राहिली वॉकीटॉकी.

दुकानदाराने काचेवर दोन सेट ठेवले. काळे, जाडजूड, हातात घेतल्यावर आपण कोणी तरी आहोत असं वाटायला लावणारे. शहराच्या या टोकाचं त्या टोकाला ऐकू जाईल, असं तो म्हणाला. थोरल्यांनी विचारलं, यांना परवाना लागतो का. लागतो, दुकानदार म्हणाला, पण घेतं कोण? थोरल्यांनी सेट हळूच काचेवर ठेवले आणि घरी आले. अपघातानंतर तपासायला येणारा अधिकारी पहिला प्रश्न काय विचारतो हे त्यांना माहीत होतं. तो प्रश्न ते स्वतः तीस वर्षं विचारत आले होते.

धाकट्याने हे ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "दादा, आपल्याला भिंत रंगवायची आहे. लढाई नाही मारायची." थोरल्यांनी त्याला समजावलं, की हवेतल्या लहरी सरकारच्या मालकीच्या असतात आणि कोणी कुठल्या लहरीवर बोलायचं हे ठरलेलं असतं. नाही तर सगळे एकाच वेळी बोलतील आणि कुणालाच काही ऐकू येणार नाही. धाकटा म्हणाला, आपल्या घरात तसंच चालतं आणि काही अडत नाही.

दुसऱ्या दिवशी थोरले परवाना काढायला वायरलेसच्या कचेरीत गेले. खिडकीतल्या बाई सभ्य होत्या, आणि हेच पुढे फार महागात पडलं. तुसड्या असत्या तर थोरले लवकर परतले असते. अर्जात सेटची जमिनीपासूनची उंची विचारली होती. थोरल्यांनी 'बदलती' असं लिहिलं. बाई म्हणाल्या, बदलती चालत नाही. सेट इमारतीत असेल तर ठरलेली उंची लिहायची, वाहनात असेल तर वाहनाचा नंबर लिहायचा. मग पाळणा हे वाहन आहे की इमारत, यावर चर्चा सुरू झाली. तो हलतो, म्हणून वाहन. पण रस्त्यावर येत नाही, म्हणून नंबर नाही. इमारत म्हणावी, तर पायाचा नकाशा हवा. बाई आतल्या साहेबांना विचारून आल्या. साहेबांनी पाळणा कधी पाहिला नव्हता, म्हणून थोरल्यांनी कागदावर काढून दाखवला. चित्रात पतंगही काढला. साहेबांना चित्र आवडलं. त्यांनी ते फायलीला जोडून घेतलं आणि फाइल वर पाठवली. ती वरून कधी येईल हे खालच्यांना ठाऊक नव्हतं.

थोरले रोज जाऊ लागले. इकडे काम ठप्प होतं. हॉस्पिटलच्या खिडक्या रंगासाठी बाहेरून प्लास्टिकने बंद केलेल्या, आतले रोगी उकडून निघालेले, आणि मेट्रनबाई रोज धाकट्याला खाली गाठून तारीख विचारत होत्या. अखेर धाकट्याने तेच केलं जे त्याला पहिल्या दिवशी करायचं होतं. थोरले कचेरीत बाकावर बसलेले असताना तो बाजारात गेला आणि काळे, जाडजूड सेट घेऊन आला.

थोरले संध्याकाळी परतले तर पाळणा हलत होता आणि माणसं प्रसन्न होती. गच्चीवाला फक्त आवाज तपासण्यासाठी खालच्याला जेवलास का म्हणून विचारत होता. पतंग पाचव्या मजल्यावरून हात हलवत होता. थोरल्यांना फार वाईट वाटलं. बेकायदा गोष्ट इतकी छान चालावी याचंही वाईट वाटलं.

मात्र त्या लहरीवर आधीपासून कोणी तरी होतं. हॉस्पिटलचे स्ट्रेचरवाले आणि वॉर्डातल्या सिस्टर याच चॅनेलवर बोलत असत, आणि त्यांच्याकडे परवाना होता. दुसऱ्या दिवशी सकाळी चौथ्या मजल्यावरच्या सिस्टरच्या सेटमधून एक अनोळखी पुरुषी आवाज आला: "चौथ्यावरचा संपला. आता पाचव्यावरचा घेतो." सिस्टरने धावत जाऊन सगळ्या खाटा पाहिल्या. सगळे जिवंत होते. दोघांनी तर चहाला उशीर झाल्याची तक्रारही केली. थोड्या वेळाने तोच आवाज पुन्हा आला: "पाचव्यावरचाही आटोपला. सहाव्यावर अजून दोन हात मारावे लागतील." सहाव्या मजल्यावरच्या सिस्टरने वॉर्डाचं दार आतून लावून घेतलं.

एवढ्यावरच थांबतं तर लोकांनी हसून सोडून दिलं असतं. पण दुपारी पतंगच्या सेटचं बटण कमरेच्या पट्ट्यात अडकून दाबलेलं राहिलं. एकाचं बटण दाबलेलं असलं की त्या चॅनेलवर दुसऱ्या कुणाला बोलता येत नाही. पतंग भिंत घासत एक जुनं गाणं गुणगुणत होता. सगळ्या हॉस्पिटलला ते ऐकू जात होतं, आणि एका बाईंना ऑपरेशनला न्यायचं होतं, तर लिफ्ट थांबवा हे कुणी कुणाला सांगू शकत नव्हतं. बाई स्ट्रेचरवर कॉरिडॉरमध्ये पडून राहिल्या. मुलीने त्यांचा हात धरून ठेवला होता.

मेट्रनबाईंनी थोरल्यांना आपल्या खोलीत बोलावलं. त्या ओरडल्या नाहीत. बाई आता ठीक आहेत, ऑपरेशन झालं, असं त्यांनी आधी सांगितलं. मग म्हणाल्या, "साहेब, तुमच्या माणसाचा गळा गोड आहे. पण त्या मुलीला ते गाणं आता जन्मभर ऐकवणार नाही."

थोरल्यांनी धाकट्याला गाठलं. धाकट्याचा चेहराही उतरलेला होता, पण तो म्हणाला, चॅनेल बदलू. बदललं, तर तिथे टॅक्सीवाले होते. पुन्हा बदललं, तर कुणीच नव्हतं. आणि कुणीच नसलेली जागा कुणाची असते हे थोरल्यांना कचेरीच्या बाकावर बसून पुरेपूर कळलं होतं. त्यांनी त्या संध्याकाळी सगळे सेट गोळा करून एका कापडी पिशवीत भरले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाला न विचारता वायरलेसच्या कचेरीत नेऊन तिथल्या निरीक्षकांच्या टेबलावर ठेवले.

निरीक्षक अडचणीत आले. विनापरवाना सेट शोधून जप्त करण्याची पद्धत त्यांच्याकडे होती. कोणी स्वतःहून आणून दिले तर घेण्याची पद्धत नव्हती, कारण आजवर कोणी आणून दिले नव्हते. त्यांनी नियम उलटसुलट चाळले आणि शेवटी संकोचत एक विनंती केली. थोरल्यांनी पिशवी घेऊन बाहेर रस्त्यावर उभं राहावं, म्हणजे ते येऊन जप्ती करतील. थोरले जाऊन उभे राहिले. निरीक्षक दोन शिपायांसह आले, पिशवीत काय आहे म्हणून विचारलं, आणि थोरल्यांनी ते सांगितलं. येणारे-जाणारे थांबले. त्यांत विमा कंपनीतला त्यांचा जुना सहकारी होता. त्याने एकदा पिशवीकडे पाहिलं, एकदा शिपायांकडे, आणि ओळख न दाखवता निघून गेला. त्याने हे सौजन्याने केलं की आणखी कशाने, याचा थोरल्यांनी पुढे अनेक दिवस विचार केला.

जप्ती पार पडल्यावर निरीक्षकांनी त्यांना चहा दिला आणि विचारलं, की तुम्हाला बोलायचं तरी किती लांब असतं. थोरले म्हणाले, गच्चीपासून जमिनीपर्यंत. निरीक्षकांनी आपला कप खाली ठेवला. मग म्हणाले, एवढ्यासाठी कमी ताकदीचे सेट मिळतात. त्यांच्या लहरी सगळ्यांसाठी मोकळ्या ठेवलेल्या असतात आणि परवाना लागतच नाही. फक्त सेटवर मान्यतेचा शिक्का हवा, आणि ताकद वाढवायला म्हणून अँटेना बदलायची नाही. थोरल्यांनी विचारलं, मग खिडकीतल्या बाईंनी हे इतके दिवस सांगितलं का नाही? निरीक्षक म्हणाले, "तुम्ही परवाना मागितलात. परवाना लागत नसेल तर शेजारच्या खिडकीवर विचारायचं असतं."

बिनपरवान्याचे सेट पोपटी रंगाचे निघाले. हातात धरले की मोठा माणूस नातवाचं खेळणं सांभाळतोय असं दिसे. थोरल्यांनी शिक्का दोनदा तपासला, मग गच्चीपासून फाटकापर्यंत स्वतः फिरून बोलून पाहिलं. जिन्याच्या आत आणि जनरेटरच्या खोलीमागे आवाज तुटत होता. बाहेर, भिंतीलगत, जिथे पाळणा चाले तिथे, तो स्वच्छ होता. त्यांनी हातमोज्यातूनही दाबता येईल असं मोठं बटण असलेले निवडले, आणि पट्ट्यात अडकू नयेत म्हणून छातीवर टांगायची पिशवी शिवून घेतली. पिशव्या त्यांच्या पत्नीने शिवल्या.

खरी पंचाईत पुढेच होती. माणसं बटण दाबायच्या आत बोलायला लागत आणि बोलून संपायच्या आत बटण सोडत. त्यामुळे वाक्याचं डोकं आणि शेपूट दोन्ही जाई, मधलं धड तेवढं पोहोचे. मराठीत नकार शेपटाला असतो. वाऱ्याने जे केलं तेच आता अंगठा करू लागला. म्हणून थोरल्यांनी नियम केला: आधी बटण, मग श्वास, मग बोलणं. 'नको' आणि 'नाही' कामावर बंद, त्याऐवजी 'थांब'. ऐकणाऱ्याने ऐकलेलं पुन्हा म्हणून दाखवायचं, त्याशिवाय मोटारीला हात लावायचा नाही. पाळण्यात दोन माणसं, आणि दोघांकडे एकेक सेट. कामगारांनी विचारलं, की चहा नको असेल तर काय म्हणायचं. थोरल्यांनी गंभीरपणे विचार करून सांगितलं, 'चहा थांब' म्हणा. आठवडाभरात सगळ्यांना सवय लागली. थोरल्यांना तर इतकी लागली की घरी पत्नीने मीठ आणायला सांगितलं तेव्हा ते "मीठ आणायचं, ऐकलं" म्हणून तिच्यासमोर उभे राहिले.

हे सगळं चाललं असताना धाकटा त्यांच्याशी बोलत नव्हता. आपले सेट आपल्याच भावाने सरकारला नेऊन दिले, ही गोष्ट त्याच्या घशाखाली उतरत नव्हती. सांगायचं ते गच्चीवाल्याला सांगे आणि गच्चीवाला थोरल्यांना. थोरले समोर उभे असले तरीही.

मग पूर्वेकडची भिंत उरली. तिकडच्या वॉर्डात म्हातारी माणसं होती आणि त्यांच्या खिडक्या सगळ्यांत जास्त दिवस बंद होत्या. आज भिंत पुरी झाली तर उद्या खिडक्या उघडू, असं धाकट्याने मेट्रनबाईंना कबूल केलं होतं. त्या सकाळी पतंगचा जोडीदार तापाने फणफणला. पतंग एकटा चढायला निघाला. थोरल्यांनी सेट तोंडाजवळ नेऊन गच्चीवाल्याला सांगितलं, एक माणूस असेल तर पाळणा थांब.

धाकटा बाजूलाच होता. त्याने भावाकडे पाहिलं, मग जमलेल्या माणसांकडे. त्याने घड्याळ काढून खिशात ठेवलं, जोडीदाराचा पट्टा कमरेला बांधला, पोपटी सेट गळ्यात अडकवला आणि पाळण्यात जाऊन उभा राहिला. पट्ट्याची कडी त्याला नीट लावता येईना. ती पतंगने लावली. थोरल्यांना तेव्हाच काहीतरी जाणवलं. इतकी वर्षं उंच इमारती रंगवणारा हा माणूस पाळण्यात कधी चढल्याचं त्यांनी पाहिलंच नव्हतं.

पाळणा नवव्या मजल्यापर्यंत गेला आणि वीज गेली. गच्चीवाल्याने नियमाप्रमाणे कळवलं: मोटार बंद, हॉस्पिटलचे इंजिनिअर बघताहेत, वेळ लागेल. पतंगने ऐकलं म्हणून सांगितलं. वारा पाळण्याला हळूहळू भिंतीकडे आणि परत बाहेर नेत होता.

थोरल्यांच्या हातातल्या सेटमधून धाकट्याचा आवाज आला. कित्येक दिवसांनी तो थेट त्यांच्याशी बोलत होता.

"दादा."

"ऐकतोय. बोल."

"मला खाली बघवत नाहीये."

त्याने नियम तंतोतंत पाळला होता. शब्दन् शब्द स्वच्छ आला होता, आणि तो सगळ्यांच्या सेटवर आला होता. गच्चीवाला, फाटकावरचा माणूस, बादल्या भरणारे, सगळे आपापल्या कामात फार गढून गेले. पाळण्यातला पतंग दुसऱ्या टोकाला जाऊन उत्तरेकडचं आकाश बघू लागला.

थोरल्यांनी बटण दाबलं, श्वास घेतला. लहानपणी विहिरीच्या काठावरून त्यांनी याला कडेवर उचलून मागे नेलं होतं. आता मधे नऊ मजले होते आणि हातात एक खेळणं.

"समोर भिंत आहे," ते म्हणाले. "भिंतीकडे बघ. पहिला हात काल मारलाय. कसा बसलाय ते मला सांग."

मग धाकटा म्हणाला, बरा बसलाय. थोरल्यांनी विचारलं, खिडकीच्या कडेला कसा आहे. धाकटा म्हणाला, कडेला जरा पातळ आहे. किती पातळ, थोरल्यांनी विचारलं. खालचं सिमेंट दिसतंय, धाकटा म्हणाला, आणि त्याच्या आवाजात पहिल्यांदा मालक आला. मग विचारावं लागलंच नाही. खिडकीखाली ओघळ आलेत. कोपऱ्यात ब्रशचे केस चिकटलेत. पाइपाच्या मागे कोणी हातच लावलेला नाही. लोक पाइपाच्या मागे बघत नाहीत असं वाटतं काय? तो बोलत होता आणि पाळण्यात एकेक पाऊल सरकत होता. प्लास्टिकच्या आणि काचेच्या आडून एक म्हातारे गृहस्थ खाटेवर उठून बसून त्याच्याकडे पाहत होते. धाकट्याने त्यांना मान लववून नमस्कार केला आणि त्यांच्या खिडकीची चौकट नखाने खरवडून पाहिली.

वीज आली. गच्चीवाल्याने कळवलं, मोटार सुरू, पाळणा खाली घेऊ का?

"थांब," धाकटा म्हणाला. "अजून उजवीकडचं बघायचं राहिलंय."

उजवीकडचं बघून झाल्यावर त्याने हुकूम सोडला, की नवव्या मजल्याचा रंग खरवडून सगळा पहिल्यापासून करायचा, आणि आजच करायचा. थोरल्यांनी ऐकलेलं पुन्हा म्हणून दाखवलं. "नववा मजला पहिल्यापासून. ऐकलं."

"बरोबर, दादा," धाकटा म्हणाला, आणि बटण सोडलं.

मग सेटमधून पतंगचा आवाज आला, अगदी हळू, तोंडाजवळ धरून बोलल्यासारखा, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण.

"थोरले, त्यांना खाली बघू द्यायला हवं होतं."